सतरा मिनिटं आणि मागची बाजू

इसम नामे बद्रीनाथ आबाराव, वय वर्षे अंदाजे चाळीस, राहणार तीर्थपुरी, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. वर्ण सावळा, बांधा सडपातळ, स्वभाव रागीट. मुख्य व्यवसाय शेती व मेंढ्या, जोडव्यवसाय आवाज. सदर इसम गावालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये अन्य दोन इसमांसमवेत ढोलसदृश वाद्ये बडवून सार्वजनिक शांततेचा भंग करीत असतो. वारंवार समज देऊनही फरक नाही. चौकशीअंती सदर वादनास पंचक्रोशीत एकही श्रोता आढळून आला नाही. सबब अहवाल सादर.

असा अहवाल कोणी खरोखर लिहिला नव्हता. गावाला तो तोंडपाठ होता, त्यामुळे लिहायची गरज पडली नाही.

अन्य दोन इसमांपैकी पहिला काकासाहेब. पंच्याऐंशी साली तो औरंगाबादला डिप्लोमा करायला गेला आणि डिप्लोमा तिथेच ठेवून एक गिटार आणि परदेशी कॅसेटींची पिशवी घेऊन परत आला. दुसरा वसंता, जालन्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात कामाला. तो बेस गिटार वाजवायचा आणि सहसा बोलायचा नाही. पिशवीतल्या संगीताला थ्रॅश मेटल म्हणतात, असं काकासाहेबानं सांगितलं. गिटार आणि ड्रम मिळून कुणाच्या तरी अंगावर धावून जातात तसं ते संगीत. त्यातलाही प्रोग्रेसिव्ह प्रकार म्हणजे धावता धावता मध्येच चाल बदलायची, सात मात्रांतून पाचात यायचं आणि पुन्हा धावायचं.

"ह्यात नवं काय है?" बद्रीनाथ म्हणाला होता. त्याचे वडील जत्रेत धनगरी ढोल वाजवायचे. "आमच्यात ढोल तापला की चाल बदलतेच. फक्त आम्ही त्याला इंग्रजी नाव ठेवलं न्हाई."

बँडचं नाव 'घण' ठेवलं. घणाला बोलावणं एकाही गावातून आलं नाही. मग त्याच तिघांनी पोटासाठी 'जय तुळजाई म्युझिकल पार्टी' काढली, आणि तिला मात्र लग्नसराईत उसंत नसायची. मेटॅडोरच्या टपावर बसून सिनेमातली गाणी वाजवायची, खाली नवरदेवाचे मित्र एकमेकांच्या अंगावर पडत नाचायचे, आणि कोणीतरी वर तोंड करून ओरडायचं, "ए ढोलवाले, नागीण लाव!" बद्रीनाथ नागीण लावायचा. ज्या जोरानं तो ती बडवायचा, त्याला लोक उत्साह समजत. तो राग होता. सोळा वर्षं लोकांना हा फरक कळला नाही.

दोन हजार तीन साली घणाची पहिली कॅसेट तयार झाली. चार गाणी, सतरा मिनिटं. गाणी चाळीसच्या वर होती. बद्रीनाथनं एकेक काढून टाकलं. काकासाहेब म्हणाला, "अरे, आणखी दोन तरी राहू दे. कॅसेट भरंल तरी."

"भरायला ते काय पोतं है का? जे खरं है तेवढंच ठेवायचं."

जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत मच्छिंद्रचं कॅसेटींचं दुकान होतं. लग्नांचं शूटिंग करणं, भजनाच्या कॅसेटी भरून देणं, हा त्याचा धंदा. सतरा मिनिटांची मूळ टेप त्यानं प्रती काढून विकायला ठेवून घेतली आणि म्हणाला, "बिलकुल फिकर करू नका. बराबर करून देतो."

त्यानं बराबर करून दिलं. आठवड्यानं बद्रीनाथ तीर्थपुरीच्या बाजारात गेला तर रसवंतीवाला लांबूनच ओरडला, "बद्रीभाऊ, कॅसेट आणली! दुसरी बाजू तर जबरदस्त है!"

दुसरी बाजू नव्हतीच. बद्रीनाथनं रसवंतीवाल्याच्या टेपमध्ये कॅसेट उलटी घालून बघितली. शहागडच्या एका वरातीचं रेकॉर्डिंग होतं. मधूनमधून फटाके, एका माणसाचं "सरका रे", आणि नागीण.

तो तडक एसटीनं जालन्याला गेला.

"हे कोणी टाकलं?"

"मी," मच्छिंद्र अभिमानानं म्हणाला. "तुमची सतरा मिनिटं, आणि कॅसेट एका तासाची. एवढी खाली कॅसेट इकली तर गिऱ्हाईक मला चोर म्हणंल. ह्या गल्लीत आजवर कोणी खाली कॅसेट इकली न्हाई. आणि बाहेरचं काहीच टाकलं न्हाई, तुमचंच वाजवलेलं टाकलं. बघा, तुम्हीच हैत ना वाजवून राह्यले?"

"मीच है."

"मंग?"

बद्रीनाथ ओरडला. "सोळा वर्सं दुसऱ्याच्या गाण्यावर बडवलं! माझी फक्त सतरा मिनिटं हैत. त्याच्या पाठीला ती नागीण चिकटवायला तुला कोणी सांगितलं व्हतं?"

"भाऊ, जरा हळू. बाहेर लोक बघून राह्यले."

"बघू दे! आजवर कोणी बघितलं न्हाई!"

काही कॅसेटी विकल्या गेल्या होत्या. उरलेल्या त्यानं पोत्यात घालून घरी आणल्या. काकासाहेब शेडवर आला तेव्हा बद्रीनाथ टेपसमोर बसला होता. मागची बाजू पुसायची तर तिच्यावर पुन्हा काहीतरी रेकॉर्ड करावं लागतं. बाहेरचा आवाज आत जाऊ नये म्हणून त्यानं माईकच्या भोकात रिकामी पिन खुपसली होती आणि एकेका कॅसेटीवर तो अर्धा तास शांतता रेकॉर्ड करत होता. लोडशेडिंग झालं की तिथेच बसून शिव्या द्यायचा आणि लाईट आली की पुन्हा शांतता सुरू करायचा.

"लोक ऐकून राह्यले ना," काकासाहेब म्हणाला. "दुसरी बाजू ऐकता ऐकता एखादा पहिली लावंल. राहू दे."

"तुला चालतं?"

"मला चालतं. मच्छिंद्र म्हणतो, अशी वरातीची आखी कॅसेट काढू. दोन्ही बाजू."

बद्रीनाथनं बटण दाबून टेप थांबवला. काकासाहेबाला ऐकू जावं म्हणून नव्हे. शिव्या मागच्या बाजूवर जातील अशी भीती अजून मनात होती म्हणून. मग त्या दिल्या. काकासाहेबानं गिटार उचलली, तारा सैल केल्या, आणि गेला. वसंता कधीतरी मध्येच आला, पोत्याकडे बघितलं, आणि दुसरा टेप आणून शेजारी लावला. दोघं मिळून शांतता रेकॉर्ड करू लागले.

बद्रीनाथची आई तुळजाबाई चहा घेऊन आली. "जिंदगीभर आवाज केला," ती म्हणाली, "आन आता नसलेला आवाज भरून राह्यलास. कुठं दाखवावं तुला?"

कोऱ्या पाठीच्या कॅसेटी त्यानं मच्छिंद्रला नेऊन दिल्या. त्या एकेक करून परत आल्या. तक्रार सगळ्यांची एकच: मागच्या बाजूला काहीच नाही. पोतं पुन्हा तीर्थपुरीला आलं. काकासाहेबानं नवा ढोलवाला धरला आणि वरातीची आखी कॅसेट काढली. ती शेडपर्यंत ऐकू यायची. बद्रीनाथनं ड्रमवर मेंढ्यांचं खाद्य ठेवायला सुरुवात केली आणि घण संपला, असं गावानं समाधानानं ठरवलं.

दिवाळीनंतर शहागडचा पंक्चरवाला कारभारी मोपेडवर शेड शोधत आला. त्याचं दुकान हायवेला लागून. त्यानं खिशातून कॅसेट काढली. पुसण्याआधी विकलेल्यांपैकीच ती एक होती.

"ही खराब झाली," तो म्हणाला. "दुसरी द्या."

"मागं काही न्हाई म्हणून आलास ना?" बद्रीनाथ उठलाच. "तू बी?"

"मागं? पुढच्या बाजूचं बोलून राह्यलो मी. घासून गेली. तिसरं गाणं तर निस्तं खरखर करतं. ते मधी थांबून उलटं फिरतं ना, तेच नेमकं."

बद्रीनाथ खाली बसला. "तू ऐकतोस?"

"दिवसभर. कंप्रेसर चालू असला की दुसरं कोणतंच गाणं ऐकू येत न्हाई. हे येतं."

"आणि नागीण?"

"कोणती नागीण?"

बद्रीनाथनं त्याच्या हातातली कॅसेट घेतली. पुढची बाजू चकाकेपर्यंत घासलेली होती. मागे शहागडचीच वरात होती, फटाक्यांसकट, आणि ती कारभारीनं कधी लावलीच नव्हती. पहिली बाजू संपली की तो कॅसेट न उलटता रिवाइंड करून पुन्हा पहिलीच लावत असे.