कर्जत स्टेशनावरचा होकार

राजकारण कळायला दिल्लीला जावं लागतं म्हणतात. मला ते कर्जतच्या फलाटावर कळलं, तेही इंजिन लागेपर्यंतच्या वेळात. पुण्याकडे निघालेल्या गाडीला घाट चढायला मागून ढकलणारं इंजिन इथे जोडतात. तेवढा वेळ भलाभला पुढारीही खिडकीत सापडतो. मी मुंबईच्या एका दैनिकाचा कर्जतचा बातमीदार होतो. पगार नाही, रुबाब बक्कळ.

आमच्या बाला हे बिलकूल पटत नव्हतं. कडावला आमची भातशेती. घरातला पहिला शिकलेला मी, आणि गावच्या शाळेत मास्तरची जागा रिकामी झालेली. बाने शाळा कमिटीच्या चेअरमनांकडे माझ्यासाठी शब्द टाकला होता. मला मास्तरकी मुळीच करायची नव्हती. "पेपरवाले मला कायमचं घेणार आहेत," असं मी घरी कधीपासून सांगत होतो. पेपरवाल्यांना मात्र ते अजून ठाऊक नव्हतं.

एक दिवस बा थेट फलाटावर येऊन उभा राहिला.

"आरं, चेअरमन खोळंबलाय. त्याला काय सांगू?"

"थांब जरा. मोठी बातमी येतेय."

बातमी आली ती सेकंड क्लासमधून. जर्मन-जपानची लढाई संपली होती, निवडणुका तोंडावर आल्या होत्या, आणि त्या डब्यात बसलेले बडे पुढारी उभे राहणार की नाही यावर मुंबईत पैजा लागल्या होत्या. मी धावत जाऊन खिडकीला भिडलो. बा माझ्या पाठीशी. पण कसलं काय! साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं. मौन! त्या काळी पुढाऱ्यांत मौनाची साथच आली होती.

तरी मी विचारलंच, "साहेब, निवडणुकीला उभे राहणार ना?"

तेवढ्यात मागून इंजिन येऊन लागलं. दणका असा बसला की साहेबांची मान खाली गेली, वर आली. समोर डुलक्या घेणाऱ्या शेटजींनीही मान डोलावली, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मी पळत जाऊन तार ठोकली. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर हा मोठा मथळा: मान डोलावून होकार! पाठोपाठ साहेबांचा खुलासा आला की कर्जतला मी काहीच बोललो नाही. आमच्या संपादकांनी तोही छापला, आणि खाली टीप जोडली की बोलले असं आम्ही तरी कुठे म्हटलंय? बा बिचारा तिकडे चेअरमनांना आज-उद्या करत झुलवत होता. आणि साहेब खरोखरच उभे राहिले की हो! झालं. ह्या पोराला आतलं कळतं असं ठरलं, आणि संपादकांनी मुंबईला बोलावून मला राजकीय वार्ताहर केलं. पुढे जन्मभर मी राजकारणाचे अंदाज सांगून पोट भरलं, त्याचा पाया हा असा. हसा खुशाल. मान हलली होती, एवढं खरं.

नेमणूक झाली त्याच संध्याकाळी मी उड्या मारत घरी पोचलो. बा ओटीवर पेपर मांडीवर घेऊन बसला होता. अख्खी लढाई त्याने ह्याच पेपरात वाचली होती, अक्षरावर बोट ठेवून ठेवून.

मी तोंड उघडायच्या आत त्यानेच विचारलं, "त्या दिशी मान त्यानं हलवली का विंजनानं?"

"हलली ना पण, बा?"

"हलली. मी बी व्हतो की तिथं." त्याने मांडीवरच्या पेपरावर बोट ठेवलं. "मंग लढाईचं मी जे वाचलं, त्यात विंजनानं हललेलं किती रं?"

मला काय ठाऊक! माझं डोकंच फिरलं. एवढी आनंदाची बातमी आणली, आणि ह्याचं भलतंच.

"अरे, मला नोकरी लागली, कायमची! आता तरी चेअरमनला नाही म्हणून सांगशील का?"

"सकाळीच सांगून आलो," बा म्हणाला. "शाळंत तू नको रं. पोरांना मास्तर सांगंल ते खरं वाटतं."