सुकऱ्याने निवडलेले गवत

गवताच्या गाठीत कोपरापर्यंत हात घालून ती आतून तापली आहे की नाही, हे सांगणारी माणसे जव्हार-मोखाड्यात एके काळी होती. ओलसर गवत दाबून बांधले, तर गाठ आतल्या आत शिजू लागते. बाहेरून काही कळत नाही, आणि एखाद्या दुपारी अख्खी वखार पेट घेते. म्हणून मुंबईच्या तबेल्यांकडे ट्रक निघण्याआधी वखारवाला सुकऱ्याला हाक मारी. सूर्यमाळच्या पाड्यावर वाढलेला हा सडपातळ माणूस गाठींच्या रांगेतून फिरे, मूठ वळून हात आत सारी, डोळे मिटून थोडा थांबे आणि म्हणे, "ही बेस. ही खोला." त्याने खोलायला सांगितलेली गाठ कोणी तशीच ट्रकात चढवली, असे कधी झाले नाही.

अठ्ठावीस वर्षे त्याने हे काम केले. दिवाळी सरली की डोंगरउतारावर कापणी, मग वाळवण, मग भारे, मग वखार. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते तो वासावरून ओळखी, आणि भारा कोणत्या उताराचा असावा याचा अंदाजही बहुधा बरोबर येई. नव्वदीच्या मध्यावर मागणी उतरत गेली आणि वखार बंद पडली. मुलगा मंगेश तोवर आश्रमशाळेतून शिकून बाहेर पडला होता. पुढे तो कारकून झाला, कविता नावाच्या शिक्षिकेशी त्याचे लग्न झाले, दोघांनी जव्हारच्या कडेला स्लॅबचे घर बांधले आणि आईवडिलांना सूर्यमाळवरून खाली आणले. या घरात सुकऱ्याला कशाची उणीव नव्हती. जेवण वेळेवर होते, चहा वेळेवर होता. फक्त त्याला कोणी काही विचारत नसे. टीव्ही कुठे ठेवायचा, रंग कोणता द्यायचा, हे सारे ठरून झाल्यावर त्याला कळे, आणि तो मान डोलावी. मान डोलावण्यात त्याचा हातखंडा झाला होता.

नात हर्षाली मात्र त्याला रोज विचारी. तेरा महिन्यांच्या त्या मुलीला शब्द येत नव्हते. पण ती त्याचे बोट धरी, मागच्या दाराशी ओढत नेई आणि बाहेर हात करी. तिला परसात जायचे असे.

परस मात्र जाण्याजोगा नव्हता. घराचा पाया खणताना निघालेला मुरूम आणि दगडाच्या कपच्या तिथेच पसरल्या होत्या. रांगताना हर्षालीचे गुडघे दोनदा सोलवटले होते, आणि एकदा तिच्या तोंडातून सुपारीएवढा खडा काढावा लागला होता. गोदीने, म्हणजे सुकऱ्याच्या बायकोने, शेणाने सारवून पाहिले. पण घरात जनावर नाही, शेण शेजारच्या धोंडीबाईच्या गोठ्यातून मागून आणायचे, आणि एप्रिलच्या उन्हात सारवण तिसऱ्या दिवशी पापुद्र्यांनी उचलले जाई. खरी हिरवळ लावावी, तर टँकरच्या पाण्यावर माणसांचेच कसेबसे भागत होते.

अशात एप्रिल २००८ मध्ये कविताला ठाण्याला दहा दिवसांच्या प्रशिक्षणाचे पत्र आले. तिने सरळच सांगितले, "अंगण आहे असं आहे. आई एकट्या हिच्यामागे किती धावतील? मी सोमवारी निघायच्या आधी काही झालं नाही, तर हर्षाली साखरशेतला जाईल. माझ्या आईचं अंगण तळहातासारखं आहे."

त्यात चुकीचे काही नव्हते. कविताची आई जयवंती खरोखरच नातीला फुलासारखी जपणारी होती. पण सुकऱ्याला दहा दिवसांच्या पुढचा हिशेब दिसत होता. साखरशेतला एकदा रुळलेली पोर उन्हाळाभर तिथेच राहणार. शिवाय रोज सकाळी आपले बोट धरणारे घरात दुसरे कोणीच नाही. हे त्याने कोणाला सांगितले नाही. गोदीला मात्र न सांगता कळले, कारण त्या संध्याकाळी त्याने भाकरी अर्धी ठेवली.

तोड मंगेशने काढली. नाशिकला एका लग्नाच्या सभागृहात त्याने प्लॅस्टिकचे गवत पाहिले होते. बुधवारी तो रजा टाकून गेला आणि दुकानातून तीन तुकडे नमुन्याला घेऊन आला. जेवणाच्या खोलीत त्याने ते ओळीने मांडले. पहिला गडद हिरवा, दाट, पाऊल रुतावे असा. दुसरा आखूड आणि खरखरीत, पायपुसण्याच्या जातीचा. तिसरा विरळ, फिकट, आणि त्यात मधूनमधून पिवळसर तपकिरी काड्या.

"हाच," पहिल्यावर हात फिरवत कविता म्हणाली. "कसा मखमलीसारखा आहे!"

मग मंगेश हसत म्हणाला, "बा, तू बघ ना. गवताचा मुकादम तू."

तो थट्टेत म्हणाला होता. पण सुकऱ्याने थट्टा बाजूला ठेवली आणि विचारणे तेवढे उचलले. तो उठला, हात धुऊन आला, मांडी घालून बसला. प्रत्येक तुकड्याची एक काडी त्याने चिमटीत धरून ओढली, बोटाभोवती गुंडाळली, सोडली. नाकाशी नेली आणि तोंड वाकडे केले. मग दोन्ही तळहातांवर एकेक तुकडा तोलला. घर त्याच्याकडे पाहत राहिले.

"यो नको," कविताच्या मखमलीवर बोट ठेवून तो म्हणाला. "जड हाय. जड गवत घेऊ नये. आत ओल असते."

मग मंगेशला हसू आवरेना. "अरे बा, वजन वाढवायला हे कोण पाण्यात भिजवणार? हे जड आहे कारण खाली जाड रबर आहे. भारी माल आहे हा!"

कविताही हसली आणि लगेच पदराने ओठ टिपू लागली. गोदी तर भिंतीला टेकून हसत होती. "म्हाताऱ्या, तुला तबेला दिसतोय काय इथे?"

सुकऱ्या हसला नाही. आपण चुकलो हे त्याला कळले होते. तुकडे गोळा करून त्याने एवढेच म्हटले, "उद्याचा दिवस माझ्यापाशी राहू द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला त्याने तिन्ही तुकडे परसात अंथरले आणि आपण दारात बसला. शेजारची धोंडीबाई कुंपणावरून डोकावली. तिच्या तोंडाला कुलूप ठाऊक नव्हते.

"काय रे सुकऱ्या, गवत वाळत घातलंस? कधी हिरवं नव्हतंच ते, वाळेल कसं?"

"तुझ्या शेळ्यांना घालणार हाय."

"घाल की! दूधही प्लॅस्टिकचं देतील, पिशवी वेगळी घ्यायला नको."

दीड वाजता सुकऱ्या उठला. पहिल्या तुकड्याची कड उचलून, वर्षानुवर्षे गाठीत सारला तसा, मूठ वळून त्याने हात आत घातला आणि झटक्यात बाहेर काढला. दुसऱ्यात घातला, थोडा थांबला. तिसऱ्यात घातला आणि बराच वेळ ठेवला. मग त्याने प्रत्येकावर तांब्यातले ओंजळभर पाणी शिंपडले. पहिल्या दाट तुकड्याच्या बुडाशी पाणी तसेच डबडबत राहिले. तिसऱ्याच्या विरळ बुडातून ते खाली गेले आणि तुकडा पाहता पाहता निवला.

त्याने कविताला हाक मारली. आजवर त्याने सुनेला कामासाठी क्वचितच हाक मारली होती, त्यामुळे ती धावतच आली.

"काय झालं, बाबा?"

"मूठ वळ. हाताची पाठ खाली. या मखमलीखाली घाल."

तिने घातला आणि "आई गं!" करून मागे ओढला. "तवा आहे हा!"

"आता यात घाल."

तिसऱ्याखाली तिने हात ठेवला. गरम होते, पण हात राहत होता. तिने पुन्हा पहिला पाहिला, पुन्हा तिसरा. शाळेत वजाबाकी पडताळून पाहावी तसे तिने दोनदा केले. कुंपणापलीकडून धोंडीबाईने मलाही बघू द्या म्हणून आग्रह धरला. तिलाही आत घेण्यात आले आणि तिचाही हात पोळला. मग ती शहाण्यासारखी गप्प राहिली. हे त्या गल्लीत दुर्मीळ होते.

"वजनाचं माझं चुकलं," सुकऱ्या म्हणाला. "ते मंगेशचं खरं. पण हे पोरीला भाजेल. दुपारी हे तिसरंही भाजेल थोडं. दहाच्या आत आणि चारनंतर, तेवढंच तिला सोडायचं. मधल्या वेळी मी दार लावीन."

कविता तिसऱ्या तुकड्यातल्या तपकिरी काड्या चिवडत होती. "पण बाबा, हे सुकलेलं दिसतं हो. मला हिरवंगार पाहिजे होतं."

"मार्गशीर्षात डोंगर असाच दिसतो," सुकऱ्या म्हणाला. "सगळं हिरवं असलेलं गवत मी तर पाहिलं नाय."

कविताने त्याच्याकडे पाहिले. सासऱ्याने एका दमात इतकी वाक्ये बोललेली तिने पहिल्यांदाच ऐकली होती. "मग तिसरंच," ती म्हणाली. "मंगेशला फोन करते. बाबांनी तिसरं सांगितलंय."

शनिवारी मंगेश एसटीच्या टपावर गुंडाळी बांधून आला. कपच्या वेचून मुरूम चोपून ठेवण्याचे काम सुकऱ्या आणि गोदीने आधीच उरकले होते, आणि वर गाळलेली वाळू पसरली होती. अंथरायच्या वेळी पुन्हा वाद झाला. मंगेशला काड्या घराकडे झुकलेल्या हव्या होत्या. दारातून तसे छान दिसते म्हणे.

"आणि पाऊस?" सुकऱ्याने विचारले. "छपराला गवत शाकारतो तेव्हा शेंडा कुठे करतो?"

"उताराकडे," मंगेश पुटपुटला.

"पाणी इथेही उताराकडेच जाणार."

मंगेशने गुंडाळी मुकाट्याने फिरवली. गोदी म्हणाली, "घ्या! कालपर्यंत तोंड उघडत नव्हता, आज कारकुनाला कामाला लावलं."

रविवारी संध्याकाळी कविताने साखरशेतला नेण्यासाठी भरून ठेवलेली पिशवी जमिनीवर उलटी केली. झबली, दुपटी, टोपी परत कपाटात गेली. मग तिने आईला फोन लावला. पलीकडून जयवंतीचा आवाज साऱ्या घराला ऐकू येत होता.

"प्लॅस्टिकवर? माझ्या नातीला प्लॅस्टिकवर लोळवणार? इथे शेणाने सारवलेलं अंगण सोडून?"

"आई, तूच ये ना इकडे चार दिवस. हात लावून बघ."

"येतेच. त्या तुझ्या सासऱ्याला सांग, मी येतेय म्हणून."

"सांगते," कविता म्हणाली. सांगायची गरज नव्हती. सुकऱ्या शेजारीच बसला होता आणि मिशीत हसत होता.

सोमवारी सकाळी सातच्या एसटीसाठी कविता खांद्याला बॅग लावून मागच्या दारात आली. हर्षाली गवताच्या मध्यावर बसली होती. तिने दोन्ही मुठींत काड्या धरल्या होत्या आणि सारे अंग मागे टाकून ती ओढत होती. गवत येत नव्हते. ती थांबे, मुठी पाही, पुन्हा ओढे, आणि दर वेळी मागे पडून खिदळे. पडल्यावर तिला काही लागत नव्हते, ही गोष्ट तिला फार मोठी वाटत असावी.

"हर्षू, आई चालली," कविता म्हणाली. हर्षालीने मान वळवली नाही. कविताचे डोळे भरले आणि त्याच वेळी तिला हसूही आले. "बघा ना बाबा, बघतसुद्धा नाही."

"बेस हाय की," सुकऱ्या म्हणाला. "जा तू. आता हाक मारू नको, नायतर बघेल."

कविता पाऊल न वाजवता निघून गेली. सुकऱ्याने चपला दाराशी काढल्या आणि तो नातीसमोर जाऊन बसला. तिने त्याला पाहिले, एक मूठ सोडली, त्याचे बोट धरले आणि ते आपल्या दुसऱ्या मुठीतल्या काड्यांवर नेऊन ठेवले. तिला मदत हवी होती. ज्याने आयुष्यभर गवत कापले, त्या माणसाने मग दात-ओठ खाऊन, कण्हत-कुंथत ते उपटायचा प्रयत्न केला आणि धाडकन मागे पडून दाखवले. हर्षालीच्या हसण्याने धोंडीबाई कुंपणाशी आली.

"ए सुकऱ्या, आता काय कापणी काढलीस?"

"बोलू नको," आडव्या पडलेल्या सुकऱ्याने आभाळाकडे पाहत उत्तर दिले. "कामात हाय."