कुत्र्याची नोंद कोण करतं

आळेफाट्याला एका गॅरेजच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला कुठेतरी प्रत्यक्ष काम करावं लागतं, म्हणून मी तिथे जात होते. खाली ट्रकची चाकं ठोकत असायचे आणि वर आम्ही एक फोनसेवा तयार करत होतो. गावातल्या माणसाने नंबर लावायचा आणि आपल्या बोलीत विचारायचं, आमच्याकडे बिबट्या आहे का. पलीकडे माणूस नाही, एआय एजंट. आसपासच्या गावांतून गोळा केलेल्या बिबट्याच्या नोंदी आमच्या डेटाबेसमध्ये होत्या. एजंट त्यात शोधणार आणि बोलून उत्तर देणार.

माझं काम लिहिण्याचं होतं. एजंट ज्या टूलने शोधतो ते कशासाठी आहे, त्याला काय द्यायचं, त्यातून काय येतं आणि आलेल्याचा अर्थ काय लावायचा, हे एजंटसाठी लिहून ठेवायचं. आपण लिहू तेवढंच त्याला कळतं. ज्यांची कंपनी होती त्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, घरात नवी सून आलीय आणि तिला कुणाला काही विचारायची सोय नाही, असं समजून लिही. मला ते पटलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. विचारायची सोय नसणं काय असतं, ते मला बरंच माहीत आहे.

मी मन लावून लिहिलं. आमच्याकडे लोक बिबट्याला वाघच म्हणतात, तेव्हा कुणी वाघ म्हणालं तरी बिबट्याच शोधावा, हे लिहिलं. त्यावर सर खूश झाले. मग मी लिहिलं की शोधून काही सापडलं नाही तर बिबट्या नाही असं सांगू नये. या नोंदी बहुतेक नुकसानीच्या आहेत. शेळी किंवा वासरू गेलं तर भरपाईसाठी पंचनामा होतो, म्हणून नोंद होते. नुसता दिसला, ठसे उमटले किंवा कुत्रं नेलं, तर कुणी कुठे कळवत नाही. कुत्र्याची भरपाई मागायला कोण जातं? म्हणून एजंटने 'आमच्याकडे नोंद नाही, जाण्याआधी वस्तीवर विचारा' एवढंच सांगावं.

हा सगळा भाग सरांनी काढून टाकला. एजंटला दर वेळी इतकं वाचायला लावलं की शब्दागणिक खर्च वाढतो, म्हणाले. शिवाय लोकांना हो की नाही तेवढं हवं असतं, भाषण नको. मी म्हटलं, पण सर. तोवर त्यांनी पुढचा भाग उघडला होता.

चाचणीसाठी माझंच गाव, महाळुंगे पडवळ, निवडलं गेलं. आईच्या फोनमध्ये तो नंबर मीच टाकून दिला.

आमच्या दोन म्हशी आहेत. आई रोज सकाळी ओढ्याच्या कडेला, उसाला लागून असलेल्या बांधावर गवत कापायला जाते. आधी ती डेअरीवर दूध घालायला गेली की विचारायची, कुणाला काही दिसलं का, आणि मगच विळा उचलायची. त्या रविवारी दूध मी घालून आले होते. तिने ओट्यावर बसूनच फोन लावला. मी शेजारी चहा पीत होते. एजंट गोड आवाजात म्हणाला, "तुमच्या भागात बिबट्या आढळलेला नाही. आपण निश्चिंत जाऊ शकता."

निश्चिंत हा शब्द आम्ही कुठेच लिहिला नव्हता. तो त्याने पदरचा घातला होता.

आई विळा घेऊन उठली, तेवढ्यात शेजारच्या काकूंनी कुंपणापलीकडून हटकलं. "कुठं निघाली गं? रातच्याला आमचं कुत्रं नेलं की त्यानं. उसातच घुसलाय."

"फोन तर न्हाई म्हणतोय," आई म्हणाली. "माझ्या पोरीनं केलंय ते."

"मग आमचं कुत्रं तुझ्या पोरीच्या फोनला सांगून जायला पायजे व्हतं."

आईने काकूंकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. कुणाचं खरं धरू, एवढंच ती विचारत होती. राग मला आला होता, इतका की हातातला कप खाली ठेवताना आपटला. मी बरोबर लिहिलं होतं. बिबट्या निघतो अशा बांधावर ते खोडणारा माणूस कधी उभा राहिला नव्हता.

सोमवारी एसटीत बसून मी वाक्यं जुळवली. सरांसमोर त्यातली अर्धी विसरले. कसंबसं कुत्र्याचं सांगितलं. ते म्हणाले, टूलने चूक केलेली नाही, डेटात नाही म्हणजे नाही. भावनेच्या भरात बोलू नकोस, पुरावा आण.

"सर, माझ्या आईला नेलं तर नोंद होईल," मी म्हटलं. माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता. "मग तुमचं टूल बरोबर उत्तर देईल."

त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला. मग त्यांनी एक ओळ परत घातली. काही सापडले नाही तर 'नोंद नाही' असे सांगावे. वस्तीवर विचारा हे नाही, कारणही नाही. आणि वर, बघ, तुझं ऐकलं, असं म्हणाले. मी थँक्यू सर म्हटलं. त्या थँक्यूचा मला अजून संताप येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने पुन्हा फोन लावला. एजंट म्हणाला, नोंद नाही.

"म्हंजी जाऊ का नको?" आईने मला विचारलं.

मी नको म्हटलं.

"मग म्हशींना काय घालू? तुझा फोन?"

शेवटी आम्ही दोघी निघालो. मी काठी घेतली. बांधावर पोचल्यावर आईने डोक्याला टॉवेल गुंडाळला, वाकून कापायला लागली आणि मला म्हणाली, मोठ्यानं बोलत ऱ्हा, माणसाचा आवाज असला की तो लांब राहतो. मला काय बोलावं सुचेना. मग मी उसाकडे तोंड करून सरांपासून सुरुवात केली. खर्चाचं काय म्हणाले, ओळ कशी खोडली, कुणाचा जीव किती शब्दांत बसतो हे ठरवणारे तुम्ही कोण, कधी पहाटे दूध घालायला गेलात का, सगळं. बोलता बोलता माझा आवाज खाली गेला.

आई विळा न थांबवता म्हणाली, "आजून मोठ्यानं."