फुकटचा पास

जळते मी सुधावर. जळतेच! आधी वीस वर्षं ती माझ्यावर जळली, आता माझी पाळी. फिट्टंफाट.

प्रताप नगरच्या आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच. सुधाचे यजमान रेल्वेत आणि आमचे मुरलीधर सांगानेरच्या विमानतळावर, सरकारी विमान कंपनीच्या काउंटरला. सत्तावीस वर्षं एकाच काउंटरला. कडक इस्त्रीचा शर्ट आणि खिशावर कंपनीचा बिल्ला. सुट्टीच्या दिवशी भाजी आणायला जातानासुद्धा हे बिल्ला लावायचे. दिवाळीला सुधा अठरा तास गाडीत अंग आंबवून मुंबईला पोचायची आणि आम्ही कंपनीच्या पासावर, फुकट, दोन तासांत. "अगं, विमानात चहासुद्धा हातात आणून देतात," असं मी तिला मुद्दाम सांगायचे. तिचा चेहरा बघायला मजा यायची, खोटं कशाला बोलू?

पासाची एक मेख मात्र मी तिला कधी सांगितली नाही. तिकीटवाले सगळे चढले आणि जागा उरली, तरच आम्हाला बसायला मिळायचं. पण जागा उरायचीच. आमच्या कंपनीच्या विमानात ती कधी उरली नाही असं झालंच नव्हतं.

मग दोन हजार पाचच्या सुमाराला नव्या कंपन्या आल्या. ह्यांच्या शेजारच्याच काउंटरवर एक येऊन बसली. तिच्यात पैसा परदेशी, पायलट परदेशी आणि काउंटरवर मिताली, जिला ह्यांनीच काम शिकवलं होतं! बाहेरच्या विमान कंपन्यांनाही देशातली उड्डाणं मोकळी करावीत का, अशी पेपरात रोज चर्चा. हे पेपर आपटायचे. "आपलं घर कुणी असं मोकळं करून देतं का? उद्या चुलीपाशी येऊन बसतील!" खरं दुखणं निराळंच होतं. मितालीपुढे रांग असायची. "बॅगेला टॅग लावायला मी शिकवलं तिला, आता तोरा बघा," असं जेवताना पुटपुटत राहायचे. भाजी कशी झालीय ते विचारायची सोय नव्हती.

त्यातच आमच्या लेकीचं, प्रियंकाचं, मुंबईत डोहाळजेवण ठरलं. रविवारी संध्याकाळी पाच वाजता. पहिलटकरीण पोर, माहेरची हिरवी साडी हवी आणि आईच्या हातची ओटी हवी. मी जोहरी बाजार पालथा घालून हिरवी लहरिया आणली. सुधालाही आमंत्रण होतं, प्रियंका तिच्या अंगाखांद्यावर वाढलेली. तर बया म्हणते, "मी विमानानं जातेय गं! नव्या कंपनीचं. रेल्वेच्या एसीच्या भाड्यात मिळालं, आणि सीट पक्की." माझा नुसता तिळपापड झाला.

रविवारी सकाळी मी पास घेऊन ह्यांच्या काउंटरपाशी बसले. बघते तर ही रांग! नव्या कंपन्यांशी टक्कर द्यायची म्हणून आमच्या कंपनीनंही भाडं उतरवलं होतं, आणि विमान गच्च भरलं होतं. शेवटी एक सीट उरली. मी उठून उभी राहिले, तेवढ्यात जवळच्या चौमू गावचा एक व्यापारी धापा टाकत आला, तिकीट हातात घेऊन. ह्यांनी आपल्या हातानं ती सीट त्याला दिली. माझ्याकडे पाहिलं नाही. आमचं पुढचं विमान रात्री होतं.

मिताली शेजारून म्हणाली, "सर, आमच्या विमानात जागा आहे. काकूंचं तिकीट काढू?"

"आमच्या घरचं माणूस आमच्याच विमानानं जातं," हे फटकन म्हणाले.

मी तरी तोंड उघडायचं की नाही? पण मितालीच्या रांगेत सुधा उभी होती, नवा गॉगल डोक्यावर चढवून. तिच्यासारखं तिकीट काढून तिच्याच विमानातून जायचं? मेले तरी नाही! साडीची पिशवी तिच्या हातात कोंबली आणि म्हटलं, "एवढी पोचव." "अगं, पण ओटीला आई नको का?" ती कळवळून म्हणाली. तिच्या त्या कळवळ्याचाही मला राग आला.

संध्याकाळी सातला फोन वाजला. प्रियंका होती. "आई, साडी काय सुंदर आहे गं! सुधाकाकूंनी नेसवली. ओटीही त्यांनीच भरली. सासूबाई म्हणाल्या, माहेरचं कुणीतरी हवंच." मग सुधानं फोन घेतला. "यमुना, सारखी तुझी आठवण येत होती गं. माझ्या शेजारची सीट मुंबईपर्यंत रिकामीच होती."

"काय म्हणाली?" ह्यांनी विचारलं. मी जसंच्या तसं सांगितलं.

ह्यांनी खिशावरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "प्रियंकाला बाळंतपणाला आणायला जाशील, तेव्हा मितालीकडूनच तिकीट काढू."

"काढा," मी म्हटलं. "पहिली ओटी काही पुन्हा भरत नाहीत."