पावसासाठी राखून ठेवलेले टायर

हे बघा, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण ह्या प्रकारानंतर माझी बायको आठवडाभर माझ्याशी फक्त मुलीमार्फत बोलत होती. आणि मुलगी दुबईत वाढलेली, म्हणजे माझी खरडपट्टीही मला इंग्रजीत मिळायची!

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही दुबईच्या करामा भागात राहायचो. तुम्ही म्हणाल, दुबईत कसला आलाय पाऊस? अहो, पडतो! हिवाळ्यात मोजून चार-पाच दिवस पडतो. आणि वर्षभराची धूळ अन् गाड्यांचं सांडलेलं तेल ओलं झालं की रस्त्याचं जे काही होतं ना, विचारू नका. अशाच एका पावसात राउंडअबाउटवर आमची गाडी गर्रकन फिरली आणि आलो त्याच दिशेला तोंड करून उभी राहिली. कोणाला लागलं नाही, पण बायकोनं, शैलानं, तिथेच बजावलं, "पुन्हा पावसात ह्या टायरांवर मी बसणार नाही. तुम्हाला जायचं तर एकटे जा!"

मग मी अभ्यासाला लागलो. ऑफिसात दिसेल त्याला पिडलं. बर्फाचे टायर इथे वेडेपणा, साधे टायर पाण्यावर तरंगतात. इथे लागतात खोल खाचांचे, पाणी बाजूला फेकणारे. शेवटी मी आणि शेजारचे जोशी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, तसलेच चार-चार टायर घेऊन आलो.

जोशांनी तिथल्या तिथे बसवून घेतले. मी? छे! पावसाचे टायर कोरड्या रस्त्यावर कशाला झिजवायचे? आमच्या घरी काचेचा डिनर सेट पाहुण्यांसाठी, भारी अत्तर लग्नकार्यासाठी, मग टायर पावसासाठी! बाल्कनीत एकावर एक रचून ठेवले. वर जोशांना शहाणपणा शिकवला, "अहो, वाळवंटात पावसाचे टायर फिरवताय? छत्री उघडून झोपता का घरात?"

पुढचा हिवाळा जवळजवळ कोरडा गेला. त्याच्या पुढच्याचा डिसेंबरही. मी अधूनमधून बाल्कनीत जाऊन टायरांवरची धूळ झटकायचो. नवे कोरे! काय समाधान वाटायचं सांगू!

त्यानंतरच्या जानेवारीत शैलाच्या महिला मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. शारजात, शुक्रवारी चार वाजता. वाण आमच्याकडे, तिळगूळ आमच्याकडे, आणि शैला पहिल्यांदाच अध्यक्ष. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. आणि शुक्रवारी सकाळी आभाळ फाटलं!

शैलाचा चेहरा उतरला. "आता काय करायचं हो? चाळीस बायका येऊन बसतील. टॅक्सीवाले फोनसुद्धा उचलत नाहीयेत."

मी मात्र छाती काढून म्हणालो, "ह्याच दिवसासाठी ठेवले होते! तू साडी नेस. साडेतीनला टायर बदलून हजर."

दोन टायर डिकीत, दोन मागच्या सीटवर. जुम्म्याची नमाज आटोपून दुकान उघडलं तेव्हा पहिला नंबर माझा. दुकानदार पठाण होता. त्यानं टायर उचलला, अंगठ्यानं दाबला, खाच जरा फाकवली. आत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत भेगा!

"साब, ये रखा किधर था?"

"बालकनी में."

"धूप में? कितने दिन?"

"दो साल... पर एक बार भी नहीं चलाया!" मी अभिमानानं म्हणालो.

"क्यों नहीं चलाया?"

"बारिश के लिए रखा था."

त्यानं टायर खाली ठेवला. आतल्या दोघांना हाक मारून बाहेर बोलावलं. मग मला म्हणाला, "साब, इनको भी बोलो, क्यों नहीं चलाया."

बोललो. काय करता! दोन उन्हाळ्यांच्या उन्हात रबर पार भाजून निघालं होतं.

"हबीबी, ये टायर नहीं, पापड़ है. खलास! और गाड़ी में जो लगा है, उससे शारजा मत जाना."

"मग नवे... नया दे दो!"

"आपका साइज कल आएगा, इन्शाल्ला."

बैलगाडीच्या वेगानं घरी आलो. खाली शैला काळी साडी नेसून, वाणाच्या वाट्यांची पिशवी घेऊन उभी. तिनं आधी गाडीच्या चाकांकडे पाहिलं, मग मागच्या सीटवरच्या टायरांकडे, मग माझ्याकडे. डोळ्यांत पाणी होतं हो तिच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात जोशांची गाडी झोकात येऊन थांबली. तेच टायर! दोन वर्षं रोज पळालेले, आणि पाण्यात जरा म्हणून घसरायला तयार नाहीत. काच खाली करून जोशी म्हणाले, "वहिनी, बसा. वेळेत पोचवतो. साठे, तुम्ही पण या की! डबे धरायला कोणीतरी हवंच."

शैला चारला पाच कमी असताना पोचली. मी मागे, मांडीवर तिळगुळाचे दोन डबे धरून. त्या संध्याकाळी चाळीस बायकांना वाण मिळालं आणि सोबत माझी गोष्टही मिळाली.

दुसऱ्या दिवशी मी शहाणा झालो. नवे टायर आणले, तिथल्या तिथे बसवले, घरी येऊन शैलाला खिडकीतून दाखवलेसुद्धा. आठवड्यानं ती जरा निवळली. पिशवी घेऊन म्हणाली, "चला, भाजी आणू. भुरभुर लागलीय, पण आता काय घाबरायचं?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांब गं जरा, पाऊस ओसरू दे. नवे टायर आहेत, चिखलात कशाला घालायचे?"

ती पिशवी हातात धरूनच वळली. फोनकडे गेली आणि जोशांचा नंबर फिरवला.