सोडलेलं दही

बायकोच्या दहाव्याला मी चार माणसांदेखत दूध-दही सोडलं. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावानं आवडीचं काहीतरी सोडतात. मेहुण्यानं कारलं सोडलं. ते तो आधीही खात नव्हता. मला राग आला, आणि रागाच्या भरात मी दही म्हणालो, वर दूध आणि ताकही घातलं. तिच्या हातचं दही रोज ताटात असायचं. आंबट लावते म्हणून मी चाळीस वर्षं भांडलो, पण वाटी कधी परत पाठवली नाही. घरी आल्यावर विरजणाचं भांडं घासून पालथं घातलं.

वर्षभर कोरा चहा प्यालो. मग पायाला मुंग्या यायला लागल्या, पुढं पाय बधिरच झाले. मी शिकलो चौथीपर्यंत. मला वाटलं दुःख असंच असणार, वरून खाली उतरत जाणारं. कुणाला बोललो नाही.

एकदा वळसंगला लग्नाला गेलो आणि एकाच पायात चप्पल घालून घरी आलो. सून दारातच म्हणाली, "मामा, दुसरी चप्पल कुटं हाय?" मी म्हणालो, पायात. तिनं खाली बघितलं, मग मीपण बघितलं. दुसऱ्या दिवशी तिनं मला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणजे तरुण पोरगी. डोळे मिटा, टोचलं की सांगा, म्हणाली. मी मिटून बसलो. बराच वेळ झाला तशी कंटाळून म्हणालो, "अगं बाई, टोच की आता."

"आजोबा, सात ठिकाणी टोचून झालं."

सून हसली नाही, तेव्हा मी घाबरलो.

रक्त तपासलं. बी-बारा नावाचं जीवनसत्त्व पार तळाला गेलेलं. साखरेची गोळी बारा वर्षं चालू आहे, ती हे जीवनसत्त्व अंगी लागू देत नाही, डॉक्टर म्हणाली. त्यात मी माळकरी, मटण-अंडी नाही. जे काही मिळायचं ते दुधा-दह्यातून, तेही मी बंद केलेलं. मी म्हणालो, मग गोळीच बंद करतो. त्यावर तिनं असं बघितलं की मी खुर्ची मागं घेतली. गोळी चालू ठेवायची, सुया घ्यायच्या आणि रोज वाटीभर दही खायचं. उशीर केला तर पायाची गेलेली जाणीव परत येईलच असं नाही. मी म्हणालो सुया घेतो, दही नाही.

चार दिवस सून माझ्याशी बोलली नाही. जे बोलायचं ते ताट आदळून. मेहुण्याचा फोन आला, "दाजी, सोडलेलं परत धरू नका, तिला पोचत न्हाय."

"तू आधी कारलं खा, मग मला शिकव," म्हणालो आणि फोन ठेवला. पण दही काही खाल्लं नाही.

पाचव्या दिवशी शेजारची म्हातारी वाटी घेऊन आली. तेलुगू बोलणारी, उभा जन्म चादरीच्या कारखान्यात गेलेला. सुनेनंच तिला सांगितलं असणार. मी म्हणालो, सोडलंय.

"अण्णा, माझं नासलं तवा विरजण तिनंच दिलं की मला. त्याचंच रोज लावते. एक दिवस मोडलं न्हाय."

"कधी दिलं?"

"जायच्या आदल्या आठवड्यात."

मी वाटी हातात घेतली. मी भांडं पालथं घातलं, आणि तिचं दही दीड वर्ष भिंतीपलीकडं रोज लागत होतं. चमचा घेतला.

"आंबट हाय," मी म्हणालो.

"तवा पण रोज हेच वरडायचा तुमी. आमच्या घरात ऐकू यायचं."

वाटी पुसून खाल्ली. सून स्वयंपाकघरात उगाच भांडी लावत बसली.

पाय अजून पुरते आलेले नाहीत. परवा उजव्या अंगठ्याला फरशी गार लागली, तर मी तिथंच उभा राहिलो थोडा वेळ. मेहुण्याला काही कळवलेलं नाही. विरजण आता मीच लावतो. सून म्हणते, मामा, लई आंबट होतंय. होऊ दे.