तळाला राहिलेला आवाज

माझा धाकटा भाऊ योगीराज म्हणजे महाआडमुठा. सुनंदाअक्कानं, म्हणजे मी, काही सांगितलं की या कानानं ऐकायचं, त्या कानानं सोडून द्यायचं. आम्ही मूळचे निपाणीचे, आता राजाजीनगरात. मी खाली, तो बायकोसह वरच्या मजल्यावर. आठवडाभर त्याची इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी आणि रविवारी घरच्या संगणकावर गाणी करणं. गाणारी त्याची बायको, शिवलीला. भजनं म्हणायची, हळदीकुंकवाची गाणी म्हणायची. आवाज बारीक, पण इतका गोड की माझ्या हातातलं काम थांबायचं.

वाद्यं मात्र सगळी संगणकातली. मेलं प्रत्येक नवं वाद्य आधीच्यापेक्षा मोठ्यानं वाजायचं. शहाण्या माणसानं ते खाली आणावं की नाही? हा आधीची वाद्यं वर चढवायचा. मग बासरी दबली म्हणून बासरी वर, तबला दबला म्हणून तबला वर. शिवलीला बिचारी तळाला. गाणं पुरं झालं की सगळं एकत्र करून ठेवायचा आणि तिचा गळा, एकेक वाद्य, असे सुटे आवाज पुसून टाकायचा. जागा अडते म्हणे.

आता त्यालाच कशाला बोल लावू? पोकळ वाटतंय रे, अजून भर घाल, असं मीच म्हणायची. शिवलीलाला विचारलं तर ती आपली कानडीत 'सरी', म्हणजे बरं, म्हणून हसायची.

गेल्या वर्षी तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव वाचला, देवाची कृपा, पण आवाज गेला तो गेलाच.

घरी आल्यावर तिनं पाटीवर लिहिलं, माझं एखादं गाणं लावा. योगीराजनं लावलं. व्हायोलिनं दणाणली. ती मान पुढे करून त्यात स्वतःला शोधत राहिली.

योगीराज रजा टाकून बसला. फोनमध्ये तिचं बोलणं सापडलं, वाद्यांशिवायचं गाणं कुठंच नाही. मग एकत्र झालेल्या गाण्यातून गळा वेगळा काढणारा प्रोग्रॅम त्यानं मिळवला. आठ दिवस खपला. शेवटी आवाज निघाला खरा, पण पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणी गावं तसा. शिवलीलानं दोनदा ऐकला आणि पाटी ओढली.

'ही मी नाही.' पुसून तिनं पुन्हा लिहिलं, 'मी कशी गायचे, मलाच आठवेना. तुम्हाला आठवतं?'

"आठवतं की," योगीराज म्हणाला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मीही मान हलवली. ती समाधानानं हसली, आणि मी भांडी घासायचं निमित्त करून खाली आले. खोटं बोललो आम्ही दोघं. तिचं गाणं आठवायला गेलं की मला नुसती ती व्हायोलिनंच ऐकू येतात.